टेपचा पहिला फूट

वाडी, नागपूर
एप्रिलचा शेवटचा रविवार, दुपारचे दोन (लाईट गेलेली आहे)

तीर्थस्वरूप रुपरावमामाजी यांस,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो (उजव्या गुडघ्याला धक्का न लावता) आणि रंभामामींनाही इथूनच वाकून नमस्कार करतो. गुडघ्याला नवीन तेल लागू पडलं का? मामींची शुगर कशी आहे? चहा बिनसाखरेचा घेतात म्हणून त्या अजून गुळाचा खडा तोंडात धरतात का? बोअरला पाणी आहे ना? यंदाच्या उन्हानं काटोलकडे संत्र्याची बारकी फळं गळून राहिली, असं आई परवा म्हणत होती, आणि म्हणता म्हणता माझ्याकडे पाहत होती, जसं काही मीच रात्री बसनं येऊन झाडं हलवून जातो. आमची खुशाली विचाराल तर आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे. ती मी पाळणार नाही. आमच्याकडे कोणीच ठीक नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आई बाबांशी बोलत नाही, आमची बहीणबाई करिष्मा आरशाशिवाय कोणाशी बोलत नाही, आणि माझं सगळ्यांशी भांडून झाल्यामुळे आता भांडायला फक्त तुम्ही उरला आहात.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. मामाजी, माझा मोबाईल कूलरच्या टाकीत पडला. सध्या तो तांदळाच्या डब्यात पुरलेला आहे आणि आई रोज त्याच्या बाजूनं दोन वाट्या काढून भात लावते. शिवाय फोनवर तुम्ही माझं काही ऐकूनच घेत नाही. मी "मामाजी, ऐका ना" म्हटलं की तुम्ही "बरं बरं, आईले दे" म्हणता. या कागदात तुम्हाला ती सोय नाही. पूर्ण वाचावं लागेल. आणि आधीच सांगतो, हे पत्र रागाचं आहे. राग उन्हावर आहे, बाबांवर आहे, कूलरवर आहे आणि सगळ्यात जास्त तुमच्यावर आहे. तुमच्यावर का, ते वाचता वाचता कळेल. गुडघा लांब करून बसा.

करिष्माचं साक्षगंध (पोराकडचे त्याला साखरपुडा म्हणतात) दहा मेला आपल्या घरीच ठरलं, हे तुम्हाला माहीत आहे. भर मे महिन्यात नागपुरात साक्षगंध ठेवायची अक्कल कोणाची, हे मी विचारलं होतं. मला उत्तर मिळालं की ज्यानं दोन वर्षं मेकॅनिकल शिकून कॉलेज सोडलं त्यानं अकलेवर बोलू नये. (कॉलेज मी का सोडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. सरांनी माझी ड्रॉइंगची शीट सगळ्या वर्गासमोर उलटी धरली आणि "हे काय आहे, वांगं?" असं विचारलं. ती शीट मी तिथल्या तिथे फाडली. त्यांच्या हातातच फाडली, एवढंच चुकलं.) तर पोराकडची मंडळी नाशिकची. बोलणी करायला आले तेव्हा पोराचे वडील पाणी पिता पिता सहज म्हणाले, "तुमच्या नागपूरच्या उन्हाबद्दल फार ऐकलंय हो. आमच्या बायकामाणसांना सोसेल ना?" बस. सहज म्हणाले बिचारे. पण बाबांना ते असं लागलं की जसं काही कोणी त्यांच्या गोदामातल्या पंचवीस वर्षांच्या नोकरीवर बोट ठेवलं. पाहुणे गेल्यावर बाबा उठून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "कौसल्या, या लोकाईले दहा तारखेले शाल मागाले लावतो का नाही ते पाह्य."

पाहुण्यांना मे महिन्यात शाल मागायला लावण्यासाठी बाबांनी दोन कामं काढली. पहिलं, गच्चीला चुना मारायचा, म्हणजे खालच्या खोल्या तापणार नाहीत. त्यासाठी चुन्याच्या दोन गोण्या आणल्या. दुसरं, बाजारातले कूलर म्हणजे नुसते खोके, म्हणून घरीच पत्र्याचा असा एक कूलर बनवायचा की एकाच खिडकीत बसून तिन्ही खोल्या गार करेल. त्यात आईचं तिसरं काम आलं, ते म्हणजे साक्षगंधासाठी कुरडया आणि पापड, आणि ते वाळणार त्याच गच्चीवर. आता बाबा "मी स्वतः करतो" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो ते तुम्ही पाहिलेलं आहे. बाबा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत सावलीला बसतात आणि हात माझे चालतात. एका बाजूनं बाबा ओरडतात, "चुना तिकडं लाव!", दुसऱ्या बाजूनं आई ओरडते, "कुरडईवर उडवला तर पाहुण्याईले तुलेच तळून वाढीन!" आणि मधे मी, हातात ब्रश, डोळ्यांत चुना, पायाखाली तापलेला स्लॅब, आणि कावळे हाकलायची काठी बगलेत. पंचेचाळीस डिग्री, मामाजी. दुपारी नळाचं पाणी अंगावर घेतलं तर पाठ भाजते. पण घरात मला कोणी विचारतं का की बापू, तू दमला काय? नाही. विचारतात, "काहून बसला गा?"

या सगळ्यात माझं धावणं सांभाळायचं. हो, मी धावतो. सकाळी पाचला उठून गोदामांच्या मागच्या मैदानात जातो, साडेसहाला परत येतो, सातला चुना. बाबांना मी सांगितलं आहे की पोलीस भरतीची तयारी करतो आहे. म्हणून ते पाच वाजता अलार्म होऊन मला उठवतात, नाहीतर त्यांनी पाचलाच ब्रश हातात दिला असता. आणि आई पहाटेसुद्धा माझ्या हाफपँटच्या खिशात कांदा टाकते. लू लागू नये म्हणून. मी म्हटलं, आई, पाच वाजता कोणती लू? ती म्हणते, "परत येतानी लागली तं?" धावताना तो कांदा मांडीवर असा आपटतो की डाव्या मांडीवर काळानिळा डाग आहे. दिवसभर घरकाम, घरकामात बोलणी, बोलणी खाऊन थोडं जेवण, आणि त्यात धावणं. हे सगळं मी एकटा पेलत होतो. (भरतीचा फॉर्म मी भरलेला नाही. आता सांगतोच आहे तर तेही सांगून टाकतो. आईला बोलू नका.)

मग धावतो कशाला? मामाजी, तुम्ही वडीलधारे आहात, पण तुम्हीसुद्धा रंभामामींना पाहायला कोंढाळीच्या बाजारात सायकलनं चार वेळा गेला होता, हे आईनं मला सांगितलेलं आहे. तर मैदानात मेघा येते. आमच्या मागच्या गल्लीतली. तिनं फॉर्म भरलेला आहे, खरा. तोंडाला दुपट्टा गुंडाळून येते, मैदानात आली की सोडते, त्याची नीट घडी करून दगडाखाली ठेवते आणि धावायला लागते. बोलत नाही, हसत नाही, कोणी शिट्टी मारली तर पाहत नाही. मी एक महिना तिच्या मागून धावलो (पुढून धावणं जमलं नाही). तिनं माझ्याशी पहिल्यांदा बोलावं तर काय बोलावं? "काय गा, तुह्या खिशातून काय पडलं?" मी म्हटलं, कांदा. ती म्हणाली, "विकतो काय?" आणि निघून गेली. त्या दिवसापासून मैदानात मला सगळे कांदेवाला म्हणतात. मी दोघांशी मारामारी केली. पण ती म्हणते तेव्हा वाईट वाटत नाही, आणि मला स्वतःचाच राग येतो की का वाईट वाटत नाही.

मेघाला आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत काढायचे आहेत. तिथे पूर्ण मार्क. तिची मैदानी परीक्षा सहा मेला आहे. घरी तिनं सांगून ठेवलं आहे की या वेळी नाही निघालं तर ती गोदामात पॅकिंगच्या कामाला लागेल, आणि बोललं तर करते अशी ती आहे. पण आमच्या मैदानाचा एक राउंड किती मीटरचा हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे अडीचशे, कोणी म्हणे तीनशे. आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "कोणाले मोजता येते काय हे?" मामाजी, अशा वेळी माणूस काय करतो? मी पुढे झालो आणि म्हणालो, "मी मोजतो. मी मेकॅनिकलचा आहे." (सोडलेलं, हे सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.)

इथून तुमचा भाग सुरू होतो. आमच्या घरी मोजायला एकच टेप आहे, बाबांचा, पन्नास फुटांचा, पिवळा, कापडी. त्याचा पहिला फूट नाही. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही तो गोठा बांधताना नेला होता आणि परत आला तेव्हा पहिला फूट गायब होता. टेप एकापासून सुरू होतो. बाबांनी तेव्हाच जाहीर केलं की ज्यानं तोडला त्यानं आणून द्यावा, मी नवीन घेणार नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तुम्ही आधी नाही नाही म्हणालात, मग "गोठ्याच्या खिळ्यात अडकून तुटला असन बावा" असं म्हणून गप्प बसलात आणि त्या वर्षीपासून दर हंगामात संत्र्याची पेटी पाठवायला लागलात. बाबा ती संत्री खातात. प्रत्येक सोलताना म्हणतात, "हा एक इंच वसूल." आजवर त्यांनी इतकं वसूल केलं आहे की त्यात काटोलपर्यंत टेप अंथरता येईल, पण नवीन टेप काही आला नाही. आम्ही सगळे अकरा वर्षं टेपवर येईल त्या आकड्यातून एक वजा करत जगतो आहोत. करिष्मा झोपेतही वजा करेल.

तर त्याच शनिवारी दुपारी बाबांनी कूलरसाठी खिडकी मोजली. टेप बाबांच्या हातात, वही माझ्या हातात. टेपवर आले चार, बाबांनी मनातल्या मनात एक वजा केला आणि मोठ्यानं म्हणाले, "तीन!" मी वहीत तीन लिहिले, त्यातून एक वजा केला आणि वेल्डरला दोन फुटांचा पत्रा कापायला सांगितलं. आणि रविवारी पहाटे तोच टेप घेऊन मी मैदानात गेलो. सोबत रेषा आखायला फक्की म्हणून बाबांच्या चुन्याची एक गोणी गाडीवर टाकली. दोन गोण्यांतली एक. गच्चीला एक पुरते असा मी हिशेब केला. मेघा टेपचं टोक धरून उभी राहिली. मी पन्नास फूट, पन्नास फूट असं करत तेरा वेळा टेप टाकला, वरचे थोडे पावलांनी भरले, चुन्यानं आखलं आणि पक्का दोनशे मीटरचा राउंड काढला. वजा केला का? मामाजी, ती समोर टोक धरून उभी होती, कपाळावर घामाला केस चिकटलेले, आणि म्हणत होती, "थोडा ताण गा, झोल पडून राहिला." अशा वेळी कोण माणूस वजाबाकी करतो? घरी दोनदा वजा झालं आणि मैदानात एकदाही नाही.

मंगळवारी तिनं आठशे मारले, चार राउंड. माझ्या मोबाईलवर टाइम लावला होता. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस. तिनं माझ्या हातातून मोबाईल ओढून घेतला, दोनदा पाहिला, आणि पहिल्यांदा हसली. संपूर्ण हसली, मामाजी, दात दिसतील इतकं. दुसऱ्या दिवशी तिनं मैदानात सगळ्यांना पेढे वाटले आणि मला दोन दिले. मी एक खाल्ला. दुसरा खिशात कांद्याशेजारी ठेवला आणि तो दिवसभरात कांद्याचा झाला, तरी मी तो खाल्ला. त्या दोन दिवसांत मी गच्चीला चुना मारला तो गाणं म्हणत मारला. आई बाबांना म्हणाली, "याले ऊन लागलं काय पाहा."

गुरुवारी कूलर आला. तीन फुटांची खिडकी, दोन फुटांचा कूलर. खिडकीत तो असा दिसत होता जसा मोठ्या भावाच्या शर्टात लहान पोरगा. बाबा म्हणाले, "मी तीन सांगितले होते." मी म्हणालो, "टेपवर तीन म्हणजे खरे दोन." बाबा म्हणाले, "मी वजा करूनच सांगितलं होतं!" मी म्हणालो, "मले काय सपन पडलं?" मग आमचं जे झालं ते ऐकायला गल्लीतल्या बायका भाजी टाकून उभ्या होत्या. बाबांनी कॉलेज काढलं, ड्रॉइंगची शीट काढली, वांगं काढलं. मी नाशिक काढलं, शाल काढली, आणि पंचवीस वर्षांत गोदामातून ज्याचा एक खोका कमी झाला नाही त्याच्या स्वतःच्या टेपचा फूट गेला, हेही काढलं. मग बाबांनी उरलेल्या फूटभर फटीत पोती आणि पुठ्ठे कोंबले. आता कूलर एका बाजूनं गार हवा फेकतो आणि पोत्यातून गरम लू आत येते, आणि दोघी मधल्या खोलीत भेटून दमट होतात. त्याच वेळी मी टाकीत पाणी किती आहे ते पाहायला मोबाईलचा टॉर्च लावून वाकलो आणि मोबाईल गेला. त्यात ते दोन अठ्ठेचाळीससुद्धा गेले. मी इतका पेटलो होतो की उरलेला चुना गाडीवर टाकला आणि संध्याकाळी मैदानात जाऊन सगळ्या रेषा पुन्हा ठळक केल्या. आता तुम्ही विचाराल की खिडकीचं भांडण झाल्यावरही तुझ्या डोक्यात मैदान आलं नाही का? नाही आलं. मी रागात होतो. रागात मला फक्त बाबांची चूक दिसत होती, आणि ती फार मोठी दिसत होती.

त्या गोणीला खाली भोक होतं, हे मला माहीत नव्हतं. शुक्रवारी पहाटे बाबांना गच्चीवर चुना सापडला नाही. दारात पांढरी रेघ सापडली. बाबा त्या रेघेमागून निघाले. बनियन, लुंगी, डोक्याला ओला टॉवेल. गल्लीतून, ट्रकच्या मधून, गोदामाला वळसा घालून रेघ मैदानात आली आणि बाबाही आले. मी, मेघा, आणि आणखी वीसेक पोरं. बाबा मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडले, "अबे, घरचं छत तापून राहिलं अन् तू इथं चुना सांडून राहिला?"

मी बोलणार तेवढ्यात मेघा पुढे झाली. मोठ्या आदरानं. "काकाजी, सांडला नाही जी. रोशननं मोजून ट्रॅक आखला. पक्का दोनशेचा."

बाबा थांबले. रेषेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या टेपनं?"

"घरच्या," मी म्हणालो.

"एक वजा केला काय?"

मामाजी, मी खिशातला कांदा चाचपायला लागलो.

मेघा म्हणाली, "वजा कायले करायचा, काकाजी?" आणि बाबांनी तिला सगळं सांगितलं. तुमचा गोठा, तुमचा खिळा, पहिला फूट, तत्त्वाचा प्रश्न, संत्र्याची पेटी. प्रेमानं सांगितलं, हसून हसून सांगितलं, गोणीवर बसून सांगितलं. पोरं पोट धरून हसत होती. ती हसली नाही. ती बोटं मोजत होती. म्हणाली, "तेरा वेळा टाकला होता. राउंडले तेरा फूट. चार राउंडले बावन्न." मग माझ्याकडे वळली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. "म्हणजे माहे दोन अठ्ठेचाळीस खोटे. मी बुधवारपासून पाय राखून राहिली. घरी सांगून बसली. पेढे वाटले गा मी."

तेव्हा मी काय करायला हवं होतं? चुकलो म्हणायला हवं होतं. मी काय केलं? मी बाबांवर ओरडलो की तुमच्या तत्त्वापायी झालं. तिच्यावर ओरडलो की टोक तर तूच धरलं होतं, तुला दिसलं नाही का की टेप एकापासून सुरू होतो? आणि शेवटी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडलो, "मामानं तोडला टेप, त्याले मी काय करू!" म्हणजे आता वाडीत तुम्हाला न पाहिलेली वीस पोरं तुम्हाला फूट तोडणारा मामा म्हणून ओळखतात. मेघानं दुपट्टा उचलला, झटकला, तोंडाला गुंडाळला आणि गेली. चुन्याच्या रेषेवरून चालत गेली, मुद्दाम, पायानं पुसत.

तर असा राग आहे. तुमच्या एका फुटापायी माझं घर गेलं, कूलर गेला, मोबाईल गेला आणि ती गेली. मी आता सगळं सोडलेलं आहे. धावणं सोडलं. पोरींच्या मागे लागणं सोडलं, आणि हे मी शपथेवर लिहितो. साक्षगंध आटोपलं की पुण्याला जाऊन कुठल्याही कंपनीत लागेन, जिथे ऊन कमी आहे आणि कोणी ओळखीचं नाही. आईनं तुम्हाला सांगायला सांगितलं आहे की दहा तारखेला लवकर या आणि मामींनी येताना लिंबाचं लोणचं आणावं. बाकी माझ्याकडून लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. गुडघ्याला जपा.

तुमच्यावर रागावलेला, पण भाचाच,
रोशन देवराव

ता. क. : एक छोटं काम होतं. संत्र्याची झाडं लावताना अंतर मोजायला तुमच्याकडे शंभर फुटी टेप आहे, असं मला आठवतं. हे पत्र आजच काटोल गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे, तो टेप उद्याच्या गाडीनं त्याच्याचजवळ पाठवून द्या. दहा तारखेला आणू नका, तेव्हा उपयोग नाही, सहाच्या आत पाहिजे. पाठवण्याआधी पहिला फूट आहे का तेवढं डोळ्यांनी पाहून घ्या. वापरून झाला की मी तो ठेवून देईन, आणि दहा तारखेला तुम्ही तोच बाबांच्या हातात द्या, म्हणजे त्यांचं तत्त्वही सुटेल. ते पाहुण्यांसमोर तुम्हाला काही बोलतील. बोलू द्या.

ता. क. २ : मामाजी, तो फूट तुम्ही तोडला नाही. तुम्ही टेप परत आणला तेव्हा तो पूर्ण होता. संक्रांतीचे दिवस होते, मी दहा वर्षांचा होतो, आणि माझा पतंग गिरक्या खात होता, त्याला शेपटी पाहिजे होती. आईच्या कात्रीनं कापला. फार सुंदर दिसत होता हो वर. पिवळा, आणि उन्हात एकेक इंच दिसत होता. मग कोणीतरी पतंग काटला आणि तो गोदामांवरून पलीकडे गेला. आठ दिवसांनी बाबांनी टेप उघडला आणि "रुपराव!" म्हणाले. मी काही म्हणालो नाही. मग तुम्ही खिळ्याचं म्हणालात, तेव्हा मला वाटलं आता तुम्हालाच पटलं आहे तर मी कशाला मधे बोलू. बाबांना सांगू नका, निदान दहा तारखेपर्यंत. आणि संत्र्याची पेटी बंद करू नका. अकरा वर्षांची सवय आहे, आई नाराज होईल.

ता. क. ३ : मोबाईलचं वर खोटं लिहिलं, तो कालच तांदळातून काढला. चालू आहे. फक्त भाताचा वास येतो. तरी फोन करू नका, त्याचं कारण सांगतो. काल संध्याकाळी मेघा पिठाच्या चक्कीवर दिसली. मी डबा घेऊन नुसता उभा होतो. तीच म्हणाली, "मामानं कसा तोडला गा? नीट सांग." खोटं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी पतंगाचं सांगितलं. चक्कीवाला मशीन बंद करून ऐकत होता. तिनं आपला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "अकरा वर्षं त्याईनं संत्री पाठवली?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आधी मामाले लिहून सांग. फोनवर नाही, फोनवर तू फिरवशीन. त्याईचं उत्तर मले दाखव. मंग पूर्ण टेप घेऊन ये मैदानात. टोक मी धरतो."

म्हणून हे पत्र. तेव्हा मामाजी, टेपसोबत दोन ओळी नक्की पाठवा. माफ केलं असं नाही लिहिलं तरी चालेल. शिव्या लिहा, पानभर लिहा, माझी काही हरकत नाही. फक्त खाली सही ठळक करा. ती शिव्या वाचणार नाही, सही पाहणार आहे.